घरच्या साक्षीचं कलम

बोरजाईवाडीत सल्ला द्यायला कधी कुणाची परवानगी लागली नव्हती. कुंडलहून कडेगावकडं जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव उसात जितकं पिकत होतं त्याहून जास्त सल्ल्यात पिकत होतं, आणि त्या पिकातला मोठा वाटा लालासाहेबांचा होता.

लालासाहेब म्हणजे पहिल्या लढाईतले हवालदार. बसऱ्याला जाऊन आलेले, मिशा पिळलेल्या, पेन्शन चालू. सकाळी न्याहारी झाली की चावडीच्या कट्ट्यावर येऊन बसायचं, आणि जो येईल त्याला मार्गाला लावायचं, हा त्यांचा नेम. सारा गाव त्यांना आबा म्हणायचा. त्यांची खुबी अशी की समोरच्यानं तोंड उघडलं, "आबा, काय झालं..." एवढं म्हटलं, की सल्ला तयार. पुढचं ऐकायची त्यांना गरजच भासत नसे. "डागदर नाडी धरल्यावर सांगतो, मी तोंड बघून सांगतो," असं ते म्हणत, आणि लोक मान डोलवत, कारण मान डोलवल्याशिवाय घरी जाता येत नसे.

दुसरी लढाई लागली तेव्हा गावातली पोरं त्यांच्याच सल्ल्यानं पलटणीत गेली. त्यात त्यांचा थोरला कृष्णात होता आणि अंबूबाईचा एकुलता एक ज्ञानू होता. अंबूबाई विधवा बाई. पोराला धाडू का नको, हे विचारायला ती कट्ट्याशी येऊन उभी राहिली होती. "पाठव, किस्ना हाय की संगं," असं लालासाहेबांनी सांगितलं. "पर आवं, त्येला..." असं काहीतरी ती म्हणत होती, पण तोवर लालासाहेब पुढच्या माणसाकडं वळले होते. कृष्णात परत आला. ज्ञानू ब्रह्मदेशात राहिला. जी पोरं परत आली ती आबांच्या सल्ल्यानं आली आणि जी आली नाहीत ती आपापल्या नशिबानं, असा हिशेब गावानं केला, आणि खरं सांगायचं तर गावाला तो लालासाहेबांनीच करून दिला होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण शेहेचाळीस साली केरबा माधवनगरची गिरणी सोडून गावी आला. शहरात राहून आलेला माणूस, अंगात कोट, बोलण्यात चार इंग्रजी शब्द. त्यानं मारुतीच्या देवळापुढं बैठक मांडली आणि तोही सल्ला द्यायला लागला. लालासाहेबांचं निम्मं गिऱ्हाईक देवळाकडं वळलं. कट्ट्यावर दुपारी माशा बसू लागल्या तेव्हा लालासाहेबांना गावाची फार काळजी वाटायला लागली.

केरबाचा पाय घसरायला वेळ लागला नाही. गावातल्या एका नवरा-बायकोचं पटत नव्हतं. केरबानं नवऱ्याला सांगितलं, "गड्या, जरा लांब राहा. चार दीस मळ्यातच झोप. तुजी किंमत कळंल तिला." नवरा मळ्यात जाऊन झोपला. बायकोला त्याची किंमत बरोबर कळली. तिनं घराला कुलूप घातलं, म्हैस सोडली आणि म्हैस घेऊन माहेरी गेली. बायको आणायला माणूस तयार होता, पण सासरा म्हैस द्यायला तयार नव्हता. प्रकरण पंचांपुढं आलं.

बेचाळीसच्या चळवळीपासून गावचे तंटे गावातच मिटवायची सवय लागली होती. पंचांचे प्रमुख जिनदत्त आण्णा. जैन, बागायतदार, वाचणारे, सांगलीला महिन्यातून एकदा जाणारे आणि दर वेळी एक नवा विचार घेऊन येणारे. त्या विचारांपासून गावाला वाचवणं हे बाकीच्या पंचांचं मुख्य काम होतं. पण या खेपेला लालासाहेबच त्यांच्या वाड्यावर जाऊन म्हणाले, "आण्णा, ह्ये कायतरी बंद करा. कुनीबी उठतो, सल्ला देतो. उद्या मानसं मरतील."

आण्णांना एवढंच पाहिजे होतं. "वकिलाला सनद लागते. वैद्याला आता नोंदणी लागते. मग माणसाच्या मनात हात घालणाऱ्याला काहीच नको?" असं त्यांनी सभेत विचारलं. सभेला उत्तर सुचलं नाही, तेव्हा ठराव मंजूर झाला. यापुढं बोरजाईवाडीत पंचांची सनद असल्याशिवाय कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, आणि सनद मिळेपर्यंत सगळे सल्ले बंद.

मग पात्रता काय, यावर वाद पेटला. मराठी चौथी पास पाहिजे, असं आण्णा म्हणाले. लालासाहेब दुसरीत शाळेच्या भिंतीवरून उडी टाकून पळाले होते, त्यामुळं लढाई ही शाळेच्या जागी धरावी असं त्यांनी सुचवलं. केरबा म्हणाला, मग गिरणीही धरावी. शेवटी दोन्ही धरलं आणि चौथी सोडून दिली. केस पिकलेले पाहिजेत, यावर सगळ्यांचं एकमत झालं, कारण सगळ्यांचे पिकलेले होते. आकाराम नावाचा एक पंच होता. बायको-पोर नाही, आई-बाप नाहीत, एकटा जीव. तो सभेत झोपायचा आणि हात वर करायच्या वेळी बरोबर जागा व्हायचा. त्यानं सगळ्या कलमांना हात वर केला.

शेवटचं कलम लालासाहेबांनी स्वतः सुचवलं, आणि ते सुचवताना त्यांचे डोळे केरबाकडं होते. "जो दुसऱ्याच्या घरात डोस्कं घालनार, त्येला सोताच्या घरातलं कळाय पायजे," ते म्हणाले. "घरातल्या हर एक मानसाची तक्रार काय हाय, ते त्यानं पंचांपुढं सांगावं. आन त्या मानसानं म्हनावं, बराबर हाय." केरबाच्या बायकोचं, मनुबाईचं, त्याच्याशी धड नाही हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. फक्त केरबाला ठाऊक नव्हतं. आण्णांना कलम इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं. आपण विहीर खणली ती कुणासाठी, याचा विचार लालासाहेबांनी केला नाही. ज्याचं सगळं आयुष्य विचार न करता सांगण्यात गेलं, त्यानं नेमका त्या दिवशी तो का करावा?

सल्ला बंद झाला आणि गाव काही बुडालं नाही. ऊस वाढला, गाई व्यायल्या, सासवा-सुनांनी आपापसात भांडून आपापसात मिटवलं. ही गोष्ट लालासाहेबांच्या मनाला लागली, पण हे चार दिवसांचं आहे असं म्हणून त्यांनी दम धरला. सनद मिळाली की ती काचेत घालून कट्ट्यावर टांगायची, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्या कट्ट्याशिवाय आपण म्हणजे नुसता एक पेन्शन खाणारा म्हातारा, ही भीती त्यांना होती, आणि ती खरीच होती.

पहिल्या बैठकीला केरबा उभा राहिला. आण्णांनी विचारलं, "मनुबाईंची तक्रार काय?"

केरबा हसला. "बायकांची आनी काय आसनार? दागिना केला न्हाई म्हनून."

मनुबाई पदर सावरून उठली. "दागिन्याचं मी कवा नाव काडलं?" ती म्हणाली. "मी जेवले का, ह्ये ह्यांनी आजपातुर इचारलं न्हाई."

"त्यात काय इचारायचं?" केरबा खरोखर चकित झाला होता. "सैपाक तूच करतीस की."

सभा पोट धरून हसली, मनुबाई सोडून. केरबाची सनद तिथंच बुडाली. सगळ्यांत मोठ्यानं लालासाहेब हसले, आणि मिशीवर हात फिरवत पुढं आले.

"साळूबाईंची तक्रार?" आण्णांनी विचारलं.

"तिची काय तक्रार न्हाई."

साळूबाई म्हणजे लालासाहेबांची बायको. आयुष्यभर नवऱ्याच्या आवाजाखाली राहिलेली, पण डोळे जागे असलेली बाई. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "बराबर हाय. मी तक्रार केली न्हाई. केली आसती तर त्येच्यावर सल्ला ऐकावा लागला आसता."

आण्णांनी थोडा विचार केला आणि उत्तर बरोबर धरलं. मग म्हणाले, "आता कृष्णात."

लालासाहेबांच्या मिशीवरचा हात तिथंच थांबला.

कृष्णात फाल्गुनात परत आला होता. तेव्हापासून "व्हय" आणि "न्हाई" याच्या पलीकडं तो बापाशी बोलला नव्हता. दिवसभर गोठ्यात नाहीतर मळ्यात. मळ्याची सरळ वाट अंबूबाईच्या दारावरून जायची, ती सोडून हा पठ्ठ्या ओढ्याच्या बाजूनं वळसा घालून जायचा. अंबूबाई घरी आली की हा मागच्या दारानं बाहेर. हे सगळं लालासाहेबांना दिसत होतं, आणि त्यांनी त्यावर निदानही केलं होतं. पलटणीचं पाणी लागलंय, लगीन लावलं की उतरंल. रोज सकाळी ते हे त्याला ऐकवत होते.

"त्यो आज मळ्यात हाय," लालासाहेब म्हणाले.

"मग बाजाराच्या दिवशी," आण्णा म्हणाले. "दोघांनी या."

दुसऱ्या दिवशी लालासाहेब गोठ्यात गेले. कृष्णात कडबा तोडत होता. लालासाहेबांनी विचारलं, "किस्ना, तुजी तक्रार काय हाय रं?" आणि त्यानं मान वर केली तोच पुढं म्हणाले, "आसंल तर सांग, मनात ठिवू नये. मनात ठिवलं की पोटात जातंय. बसऱ्याला आमच्यात एक नाईक हुता..." तो नाईक, त्याचं पोट, त्यावर तुपाचा उतारा, मग लग्न, मग विट्याच्या पाव्हण्यांची पोरगी, असं करत ते सूर्य डोक्यावर येईपर्यंत बोलले. कृष्णातनं सगळा कडबा तोडून संपवला, "व्हय" म्हणाला आणि म्हशीला पाण्यावर घेऊन गेला.

असं रोज झालं. लालासाहेब विचारत आणि स्वतःच उत्तर देत. बाजार जवळ आला तसे ते घाबरले, आणि जन्मात पहिल्यांदा बायकोपुढं जाऊन बसले.

"आगं, तुला ठावं आसंल. त्येची तक्रार काय हाय?"

साळूबाई भाकरी थापत होती. "मला ठावं हाय का न्हाई, ह्यो सवाल न्हाई," ती म्हणाली. "कलम तुमी केलंय."

"मी इचारतोय रोज. त्यो बोलत न्हाई."

"त्येला बोलाय जागा कुटं हाय?" तिनं हात झटकले, कोनाड्यातली तंबाखूची पिशवी काढून त्यांच्यापुढं ठेवली. "ह्यो चांगला मोटा बार भरा. मग जावा गोठ्यात. आन थुकायचं न्हाई. म्हस तितं वैरन खाती. थुकलासा तर दुधाला बसनार न्हाई मी, सांगून ठिवते."

बायकोनं असं कधी सांगितलं नव्हतं. लालासाहेबांनी मुकाट बार भरला, दोन्ही गाल फुगवले आणि गोठ्यात जाऊन कडब्याच्या पेंढीवर बसले. तोंड उघडायची सोय नव्हती. उघडलं तर धार मिशीवर. त्यांना दहादा काहीतरी सुचलं आणि दहाही वेळा त्यांनी ते गालात दाबलं. कृष्णातनं एकदोनदा त्यांच्याकडं पाहिलं. म्हशीच्या अंगावर हात फिरवत तो बराच वेळ उभा राहिला, आणि मग म्हशीकडंच बघत बोलायला लागला.

"ज्ञानू माज्या मांडीवर गेला, आबा."

लालासाहेबांनी मान हलवली. हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असल्यासारखी मान हलवायची सवय होती.

"पोटात लागलं हुतं त्येच्या. नदीच्या कडंला आमी दोगंच. सकाळपातुर त्यो शुद्धीत हुता. मला म्हनला, किस्ना, आबास्नी इचार, आता म्या काय करू." कृष्णातचा हात म्हशीच्या पाठीवर थांबला. "चेष्टेनं न्हाई म्हनला. त्येला खरंच वाटलं, तुमाला ठावं आसंल. समदं तुमीच सांगितलं हुतं न्हवं त्येला, काय करायचं ते. लय येळा म्हनला. मी म्हनलो, इचारतो. मग गेला."

म्हशीनं शेपूट हलवली. कृष्णात पुढं म्हणाला, "आल्यापासनं मी इचाराय बगतोय. तुमी मदी जागाच सोडत न्हाई. अंबूकाकीच्या दारावरनं मला जाववत न्हाई. ती इचारंल, शेवटाला काय म्हनला. मी काय सांगू?"

लालासाहेबांनी तोंडातला सगळा बार गिळला. गिळला म्हणजे गिळला गेला. घशाला आग लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं पाणी तंबाखूचं नव्हतं. तोंड आता मोकळं होतं. बोलायला काही अडचण नव्हती. ज्ञानूनं काय करायला हवं होतं, यावर त्यांना एक शब्द सुचला नाही. त्यांना जोराची उचकी लागली. कृष्णातनं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि ते पिऊन होईपर्यंत त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

बाजाराच्या दिवशी चावडीपुढं गर्दी झाली. आबांची सनद आज होते का नाही, याच्यावर गावात पैजा लागल्या होत्या. केरबा कोट घालून पुढच्या रांगेत बसला होता. त्याच्या मागं बायका होत्या, आणि बायकांत अगदी पुढं अंबूबाई होती. ती आबांसाठी मुद्दाम आली होती. आबांना सनद मिळू दे, असा तिनं गावदेवी बोरजाईला नवस केला होता.

आण्णांनी चष्मा लावला. "कृष्णातची तक्रार काय?"

लालासाहेबांना उत्तर पाठ होतं. इतकं खरं उत्तर त्या चावडीत आजवर कुणी दिलं नव्हतं. ते सांगायचं, कृष्णातनं "बराबर हाय" म्हणायचं, सनद काचेत. बसऱ्यापासून आजपर्यंत त्यांना जे जे माहीत होतं ते त्यांनी मागितल्याशिवाय सांगितलं होतं, आणि आज तर पंच मागत होते. त्यांनी तोंड उघडलं. समोर अंबूबाई त्यांच्याकडं मोठ्या विश्वासानं बघत होती.

"ठावं न्हाई," लालासाहेब म्हणाले.

आबांना एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे गाव पहिल्यांदाच ऐकत होतं, तेही त्यांच्या तोंडून. केरबा तेवढा खुशीत मांडी बदलून बसला.

आण्णांनाही वाईट वाटलं. पण नियम तो नियम. ते कृष्णातकडं वळले. "मग तुझी तक्रार काय ती तूच सांग. कागदावर आली पाहिजे."

लालासाहेबांनी अंबूबाईकडं पाहिलं. कृष्णातनं बापाकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

"हुती एक," तो म्हणाला. "आता न्हाई."

आण्णांनी नियम पुन्हा वाचला. तक्रार होती, अर्जदाराला ती ठाऊक नव्हती, सबब अर्जदार नापास. असं करत करत संध्याकाळपर्यंत गावातले सगळे अर्जदार नापास झाले. शेवटी आण्णांच्या ध्यानात आलं की आकारामच्या घरात माणूसच नाही, म्हणजे न कळलेली तक्रारही नाही. केस पिकलेले आहेत. त्याला हलवून उठवलं. सनद झोपेतून उठलेल्या आकारामच्या हातात पडली, आणि आजूबाजूच्या दहा गावांत नाही असा पात्र सल्लागार बोरजाईवाडीला मिळाला. तो पुढं बरीच वर्षं चावडीच्या कट्ट्यावर झोपून काम करत होता, आणि त्याच्या सल्ल्यानं कुणाचं वाईट झालं अशी एकही तक्रार आली नाही.

लालासाहेब निघाले. कृष्णात मागून आला आणि बरोबरीनं चालू लागला. फाट्याशी ओढ्याची वाट सोडून तो अंबूबाईच्या दारावरून जाणाऱ्या सरळ वाटेला लागला. लालासाहेबांनी ते पाहिलं आणि तेही त्याच वाटेला लागले.

अंबूबाई दुसऱ्या गल्लीनं त्यांच्या आधी घरी पोहोचली होती आणि दारातच उभी होती. "या आबा, बसा," ती म्हणाली. कृष्णातला बघून तिनं घोंगडं झटकून अंथरलं. दोघं बसले.

"सनद न्हाई दिली तुमास्नी."

"न्हाई दिली."

"मी नवस केलता. पर बरंच झालं," अंबूबाई म्हणाली, आणि तीही समोर बसली. "आता तरी माजं ऐकून घेशीला."

लालासाहेबांचा हात सवयीनं कनवटीच्या पिशवीकडं गेला आणि रिकामाच परत आला.

"ज्ञानू जायाच्या आदी मी कट्ट्यावर आलते बगा," ती म्हणाली. "तवा सांगत हुते. पर आवं, त्येला जायाचं न्हाई. त्यो तुमास्नी लाजून बोलत न्हवता. आई, तू सांग म्हनला. म्हनून आलते मी."

लालासाहेबांच्या तोंडात तंबाखू नव्हती. तरी ते बोलले नाहीत. तिला आणखी काही सांगायचं असेल म्हणून ते वाट बघत बसले, आणि ती रडून थांबेपर्यंत मान खाली घालून बसून राहिले.

मग कृष्णात जरा पुढं सरकला. "काकी," तो म्हणाला, "मी हुतो त्येच्याजवळ. सांगू?"